न धुतलेला रुमाल

"शनिवार-रविवार सिएनाला जाऊन येऊ, तुला गाव दाखवते," असं अर्जिया म्हणाली तेव्हा मी मासे साफ करत होते आणि हात बरबटलेले असतानाच हो म्हणून बसले. चूक माझीच. ज्या बाईने चाळीस वर्षांत कधी आपणहून कुठे जाऊ म्हटलं नाही, ती नोव्हेंबरच्या गारठ्यात अचानक माहेर दाखवायला निघते, तेव्हा तिच्या पोटात काहीतरी असणार, हे मला कळायला हवं होतं.

लिव्होर्नोत आमची दारं समोरासमोर आहेत. तिचा नवरा दुइलिओ मार्च महिन्यात गेला. तेव्हापासून तिच्या दाराआडून रेडिओचा आवाज यायचा बंद झाला होता. म्हटलं, बाई बाहेर पडतेय हेच खूप. मी यादी केली. मनोरा, कॅथेड्रल, चर्चमध्ये जपून ठेवलेलं संतिणीचं मस्तक आणि जमलंच तर चित्रांचं संग्रहालय. यादी पर्सच्या आतल्या कप्प्यात घडी करून ठेवली, कारण मी बंदरावरची बाई, मला पत्ता माहीत असल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही.

गाडीतून उतरल्यापासून माझ्या पायांचे हाल सुरू झाले. कॅथेड्रलची ती प्रसिद्ध फरशी फळ्यांनी झाकलेली, कारण म्हणे ती उन्हाळ्याच्या सुमारासच उघडतात. ते एक असो. पण तिथून जेवायला जायचं तर दहा मिनिटांची वाट, आणि अर्जियाने मला पाऊण तास चढउतार करायला लावला.

"अगं, ही सरळ गल्ली खाली जातेय ना?" मी विचारलं.

"ती नको."

"का? तिला काय खड्डा पडलाय?"

"कासवांची आहे."

आता हसावं की रडावं? सिएनाच्या माणसाला नुसतं गाव पुरत नाही, त्याला आळी लागते. सतरा आळ्या, प्रत्येकीचं निशाण वेगळं, प्रार्थनाघर वेगळं, पोराला न्हाऊ घालून आळीत घ्यायचा कारंजा वेगळा. उन्हाळ्यात दोनदा चौकात घोड्यांची शर्यत होते आणि ती जिंकण्यासाठी ही शहाणीसुरती माणसं वर्षभर एकमेकांची तोंडं बघत नाहीत. अर्जिया गोगलगाय आळीची. दुइलिओ शेजारच्या कासव आळीचा. या दोन आळ्यांमध्ये हाडवैर. गोगलगाय आणि कासव शर्यतीवरून भांडतात हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी जिन्यात बसून हसले होते, आणि अर्जियाने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला होता.

लग्न करून ती दोघं लिव्होर्नोला आली, पण शर्यत सोडली नाही. जुलैत आणि ऑगस्टमध्ये एकच सुटकेस घेऊन निघायची. दोन्ही आळ्यांच्या हद्दीवर एक कोपरा आहे. तिथे रस्त्यातच सुटकेस उघडायची, कपडे वाटून घ्यायचे, आणि तो आपल्या आईकडे, ही आपल्या आईकडे. चार दिवस नवरा-बायकोचं नातं बंद. एकमेकांना ओळख दाखवायची नाही. पाचव्या दिवशी सकाळी पुन्हा त्याच कोपऱ्यावर तो येऊन उभा राहायचा. तिच्या गल्लीत त्याने कधी पाय टाकला नाही, त्याच्या गल्लीत तिने.

तिच्या पणजोबांच्या वेळी म्हणे गोगलगायवाले सारखे हरायला लागले, तेव्हा चिडून त्यांनी संत अँटनीची मूर्ती उचलली आणि विहिरीत टाकली. आणि नेमका तोच संत कासवांचा रक्षणकर्ता! तेव्हापासून गोगलगायवाल्यांना सगळं गाव संतबुडवे म्हणतं. दुइलिओ बायकोला घरात दुसऱ्या नावाने हाक मारत नसे. "संतबुडवे, कॉफी झाली का?" "संतबुडवे, माझा चष्मा कुठाय?" दारापलीकडून मला रोज ऐकू यायचं. सुरुवातीला मला त्याचा राग यायचा. आता तो आवाज आठवला की हातातलं काम थांबतं.

माझ्याही पोटात एक गोष्ट होती, जी मी अर्जियाला कधी सांगितली नव्हती. दुइलिओ दर रविवारी पेपर आणायला म्हणून बाहेर पडायचा आणि कोपऱ्यावरच्या बारमधल्या फोनवर अर्धा तास हळू आवाजात बोलायचा. पुढे मोबाइल आला तेव्हा समुद्राच्या कठड्यावर बसून बोलायला लागला. मी जाताना दिसले की पाठ फिरवायचा. मी काय ते ओळखलं होतं. सत्तरीचा म्हातारा, आणि बाहेर भानगड! पण मेलेल्या माणसाचं पाप त्याच्या बायकोच्या ताटात कशाला वाढायचं?

शेवटी जेवायला टेकलो. जाड शेवयांसारख्या पिची, वर लसूण घातलेला टोमॅटोचा रस्सा, आणि नंतर या दिवसांतच मिळणारा अक्रोड-मनुका-मिऱ्यांचा तो संतांचा पाव. मी दुसरा तुकडा उचलला, तर समोर अर्जियाने ताटालाही हात लावला नव्हता. तिने पिशवीतून कासव आळीच्या रंगांचा, गळ्यात बांधायचा पिवळा-निळा रेशमी रुमाल काढून टेबलावर ठेवला. घडीवर घडी बसलेला, एका कोपऱ्यावर वाइनचा जुना डाग.

"दुइलिओचा?"

"हं. शेहेचाळीस वर्षांत त्याचं सगळं धुतलं, मोजेसुद्धा. हा नाही धुतला. म्हटलं, शत्रूचा रुमाल मी धुणार नाही. तो बापडा स्वतः न्हाणीघरात बसून धुवायचा."

"मग आता काय करायचंय त्याचं?"

"नेद्दा, तुला त्याची शवपेटी आठवते?"

आठवत होती. पांढरी फुलं आणि बाकी काही नाही.

"कासवाच्या पेटीवर कासवांचं निशाण लागतं. आळीतून माणसं येतात, ते अंथरतात. त्याने एवढंच मागितलं होतं माझ्याकडे. हॉस्पिटलमध्ये हात धरून म्हणाला, त्यांना फोन कर. मी हो म्हटलं. आणि नाही केला."

"का गं?"

"तीनदा नंबर फिरवला. पलीकडून 'कासव आळी' असा आवाज आला की ठेवून द्यायचे. तोंडातून शब्द फुटेना. माझा बाप स्वर्गातून बघतोय असं वाटायचं. आणि मग दफन होऊनही गेलं." तिने डोळे पुसले नाहीत, नुसती बोटं रुमालावर ठेवली. "नोव्हेंबर लागला की आपापल्या आळीत मेलेल्यांसाठी प्रार्थना होते, नावं वाचतात. त्याचं नाव नसणार. त्यांना माहीतच नाही तो गेला ते. माझ्यामुळे तो उघडाच गेला, नेद्दा."

मी उरलेला पाव कागदात गुंडाळला आणि उठले. "चल. सांगून टाकू. फार तर शिव्या घालतील. शिव्यांनी मरायचं वय गेलं आपलं."

हद्दीच्या कोपऱ्यापर्यंत ती नीट आली. तिथे तिचे पाय अडले. समोर अगदी साधी गल्ली, खिडकीत जिरेनियमच्या कुंड्या आणि दोरीवर कुणाची तरी चादर. मी तिच्या कोपराला धरलं आणि पलीकडे ओढलं. शेहेचाळीस वर्षांचं वैर ओलांडायला चार पावलं लागली, आणि त्यातलं एक माझ्या पायावर पडलं.

आळीच्या बैठकीच्या खोलीचं दार उघडं होतं. आत एक उंच, वाकलेला म्हातारा खुर्च्या एकावर एक रचत होता. त्याने आमच्याकडे पाहिलं, मग अर्जियाकडे बराच वेळ पाहिलं. तो सेत्तिमिओ, हे मला नंतर कळलं. दुइलिओचा लहानपणापासूनचा मित्र, लहानपणी अर्जियाच्या वेण्यांना गाठी मारून पळणारा.

अर्जियाने मान ताठ केली. "ओळखलंस ना? मग म्हण. संतबुडवी म्हण, काय म्हणायचं ते म्हण, मग मला एक सांगायचंय."

सेत्तिमिओने हातातली खुर्ची खाली ठेवली. "या, वहिनी," तो म्हणाला. "बसा."

अर्जिया बसली नाही. त्या शब्दाने ती जास्तच घाबरली. "दुइलिओ गेला," तिने एका दमात सांगितलं. "मार्चमध्ये. मी तुम्हाला कळवलं नाही. त्याने सांगूनसुद्धा."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"दर रविवारी त्याचा फोन यायचा. तीस-पस्तीस वर्षं. कोण आजारी, कुणाचं बारसं, आळीचा घोडा कसा पळाला, सगळं विचारायचा. तुमच्यासमोर बोलायची चोरी, म्हणून बाहेरून करायचा."

पस्तीस वर्षं मी त्या गरीब माणसाला मनातल्या मनात व्यभिचारी ठरवून ठेवलं होतं, आणि तो घोड्याची चौकशी करत होता!

"जानेवारीत म्हणाला," सेत्तिमिओ सांगत होता, "'सेत्तिमिओ, माझं काही खरं नाही. ती तुम्हाला फोन करीन म्हणेल, पण तिच्याच्याने होणार नाही. तिला बोल लावू नका. माझा फोन बंद झाला की समजा.' आम्ही दोन रविवार वाट बघितली. तिसऱ्या रविवारी निशाण लावलं, काळी फीत बांधून. इथे नाही, तिकडे हद्दीच्या कोपऱ्यावर. तिथेच लावा म्हणाला होता, तोंड तुमच्या गल्लीकडे करून. तीन दिवस होतं."

अर्जियाने विचारलं, "आणि नाव?"

"उद्या सकाळी वाचणार. यादीत पाचवं आहे." त्याने खाली ठेवलेली खुर्ची पुन्हा उचलून राशीवर ठेवली. "अजून एक म्हणाला होता. 'कधीतरी ती येईल. आली तर कुणी तिला संतबुडवी म्हणायचं नाही. तो हक्क फक्त माझा.' तेव्हा वहिनी, तुम्ही कितीही सांगितलंत तरी आम्हाला परवानगी नाही."

तेव्हा ती रडली. मार्चपासून साठलेलं, आवाज करून, शत्रूच्या खोलीत उभं राहून रडली. सेत्तिमिओ दुसरीकडे बघत खुर्च्यांची रास उगाच सरळ करत राहिला. मीही रडले, आणि माझं निम्मं रडणं शरमेचं होतं.

बाहेर पडल्यावर ती थेट कारंज्यावर गेली. त्याच पाण्याने दुइलिओला या आळीत घेतलं होतं. तिने बाह्या सारल्या, पिशवीतून रुमाल काढला आणि पाण्यात बुडवला.

"अहो वहिनी, हा कारंजा पोरांना न्हाऊ घालायचा आहे, धुण्याचा नाही!" सेत्तिमिओ धावत आला.

"शेहेचाळीस वर्षांचं धुणं राहिलंय, मध्ये बोलू नकोस," ती म्हणाली.

पाणी बर्फासारखं होतं, तिची बोटं लाल झाली. ती हलक्या हाताने सगळा रुमाल चोळत होती, फक्त वाइनचा डाग तिने तसाच ठेवला. मग तिने तो पिळला, झटकला आणि माझ्या गळ्यात घातला.

"अगं ए! ओला आहे! गारठून मरेन मी!"

"मला घालता येणार नाही. मी गोगलगाय आहे. तू कुठलीच नाहीस, तुला चालतं."

तशीच निघालो. मानेवरून थंडगार पाणी पाठीत उतरत होतं, पण मी तक्रार केली नाही. कोपऱ्यावर आल्यावर ती सवयीने थांबली, हात पिशवीवर, मान कासवांच्या गल्लीकडे वळवून. गल्लीत कुणी नव्हतं. मनोरा बंद व्हायची वेळ झाली होती आणि माझी यादी पर्समध्ये तशीच होती. ती बराच वेळ उभी राहिली. तिला हलवायला एकच हाक पुरली असती, आणि ती माझ्या जिभेवर आलीही होती. पण तो हक्क माझा नव्हता.

"चल गं, अर्जिया," मी म्हटलं.