कोळंबीची पट्टी

“औषधाची अ‍ॅलर्जी आहे का?” असं नर्सनं विचारलं, तेव्हा मी ठामपणे “नाही” म्हणाले. नवऱ्याची मांडी करवतीनं कापली होती, पण तिनं दाबलेल्या पट्टीनं रक्त लगेच थांबलं.

“जादूच आहे की!” मी म्हणाले.

“जादू कसली? कोळंबीच्या टरफलांपासून बनते ही.”

कोळंबी? दिवसभर कारखान्यात मी कोळंबीच सोलते. घरी आले की साबणानं हात धुतल्याशिवाय हा मला जवळ येऊ देत नाही. कोळंबीचा थेंबभर रस लागला तरी याचा गळा सुजतो. पण नर्सनं औषधाचं विचारलं होतं, कोळंबीचं कुठं विचारलं? वा, काय पण मी शहाणी!

“बरं वाटतंय ना रे?” मी विचारलं.

“एकदम झकास,” तो हसून म्हणाला, आणि गळा खाजवायला लागला.