जुना आकडा, नवा आकडा आणि काकूंचं नाव

मी ट्रिगर. डेटाबेसचा पहारेकरी म्हणा हवं तर. हात नाहीत, पाय नाहीत, चेहरा तर नाहीच. वीस-बावीस ओळींचा मजकूर, एवढाच माझा देह. कोष्टकातली नोंद बदलायला कुणी गेलं की मी आपोआप जागा होतो, काम करतो आणि पुन्हा झोपतो. मला हाक मारावी लागत नाही, म्हणून कुणी ओळखतही नाही. आज पहिल्यांदाच तोंड उघडतोय. थोडं कडू बोललो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म औषधांच्या एका घाऊक दुकानातला. पुढे काउंटर, मागे गोदाम, आणि गोदामाच्या टोकाला जाड दाराची थंड खोली. लसी तिथे ठेवायच्या. त्या खोलीचं तापमान दोनाखाली उतरता कामा नये नि आठावर चढता कामा नये. ते बघायचं काम काकूंचं. काकू म्हणजे कुणाच्या सख्ख्या काकू नव्हेत. अठरा वर्षं गोदाम सांभाळलं म्हणून सगळ्यांच्याच काकू झाल्या. दिवसातून चार वेळा कपाळावरचा चष्मा नाकावर आणायच्या, तापमापी बघायच्या आणि आकडा कॉम्प्युटरमध्ये भरायच्या.

मला लिहिलं एका प्रोग्रामर ताईनं. तिनं मला दोन कामं दिली. एक, अडवायचं: तापमानाची नोंद एकदा झाली की कुणालाही बदलू द्यायची नाही. दुसरं, लिहून ठेवायचं: जुना आकडा काय, नवा काय, किती वाजता बदलला, कुणी बदलला. बाकीच्या कोष्टकांवर माझी भावंडं बसवली. ती अडवायची नाहीत, नुसती लिहायची.

जाताना तिनं प्रत्येकाला पासवर्डची चिठ्ठी दिली. "आपापल्या नावानंच आत जा. नाहीतर हा बिचारा लिहिणार कुणाचं नाव?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. तिसऱ्या दिवशी एकाची चिठ्ठी पॅंटबरोबर धुऊन निघाली, दुसऱ्याची चहाच्या कपाखाली विरघळली. मालकांची चिठ्ठी मात्र स्क्रीनच्या कडेला चिकटपट्टीनं लावलेली होती. मग काय, जो येईल तो 'मालक' म्हणून बसायचा. दुपारी मालक घरी जेवून आडवे झालेले असायचे आणि माझ्या लेखी ते एकाच वेळी तीन टेबलांवर राबत असायचे. एवढं काम त्यांनी उभ्या जन्मात केलं नसेल.

काकूंची चिठ्ठी चष्म्याच्या डबीत होती. बिलं करणारी त्यांना चिडवायची, "अहो काकू, किती वेळा आत-बाहेर करता? बसा की मालकांच्या नावानं."

"नको गं बाई. त्यांचं काम त्यांच्या नावावर, माझं माझ्या. उद्या चुकलं तर शिव्या बरोबर पत्त्यावर पोचायला नकोत?"

आमचा उपयोगही झाला बरं का. एकदा मालक एका केमिस्टाशी भांडले आणि तावातावानं त्याचं नावच यादीतून उडवलं. तीन महिन्यांनी दोघं एका लग्नाच्या पंगतीत शेजारी बसले, गोड झाले, आणि दुसऱ्या दिवशी मालक फोन नंबर शोधत दुकानभर फिरत होते. काकूंनी माझ्या भावंडाच्या नोंदींतून तो काढून दिला. "हे बाड चांगलं आहे," मालक म्हणाले. माझ्या घराण्याची तेवढीच काय ती स्तुती.

मग एका सकाळी काकूंच्या हातून चूक झाली. ४.४ ऐवजी ४४ भरलं गेलं. त्या दुरुस्त करायला गेल्या, मी नाही म्हटलं. मला तसंच शिकवलं होतं.

मामा तिथेच उभे होते. मामा म्हणजे मालकांचे मेहुणे. मालकांची मुलं मामा म्हणायची म्हणून सगळं दुकान मामा म्हणायचं. ते हसले. "खोलीला ताप चढलाय वाटतं, काकू." आणि लगेच त्यांनी प्रोग्रामर ताईला फोन लावला. "अहो ताई, तुमचं हे यंत्र माणसाला स्वतःची चूकही सुधारू देत नाही."

ताई म्हणाली, "कारण लिहून, मालकांच्या संमतीनं बदलता येईल अशी सोय करून देते."

"इथे कारणं लिहायला वेळ कुणाला आहे? अडवायचं तेवढं काढून टाका. लिहीत बसेना का हवं तर."

ताईनं काढलं. काकूंनी ४४ चं ४.४ केलं, मी ते त्यांच्या नावासकट टिपून घेतलं. त्या दिवसापासून माझी वाचा गेली, लेखणी तेवढी राहिली.

महिन्याभरानं थंड खोलीचं मशीन घरघरायला लागलं. मेकॅनिकला बोलवायचं काम मामांचं. काकूंनी तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा "बोलावतो की" झालं. मग दोन दिवसांची जोडून सुट्टी आली. सुट्टीनंतर काकूंनी जाड दार उघडलं तर आत उकडत होतं. तापमापीवर सव्वीस. त्यांनी सव्वीस भरलं आणि दारावर कागद लावला: यातला माल बाहेर काढू नये.

दहा वाजता मेकॅनिक आला. साडेदहाला कुणीतरी 'मालक' म्हणून बसलं आणि सव्वीसाचे पाच केले. मी लिहिलं. अकरा वीसला काकूंच्या लक्षात आलं, त्यांनी पाचाचे पुन्हा सव्वीस केले. मी लिहिलं.

मामा टेबलापाशी आले. "काकू, मशीन सुरू झालंय. आता चार दाखवतंय."

"आता चार दाखवतंय. सकाळी सव्वीस होतं."

"एवढ्यानं काही होत नाही हो. लस आहे ती, दूध नाही नासायला."

"मग लहान मुलांना टोचण्याआधी स्वतःच्या दंडात घ्या आणि बघा."

मामांचा चेहरा उतरला. काकू मालकांकडे गेल्या. मालक म्हणाले, "बघतो." काकू मागे ट्रकचा माल उतरवून घ्यायला गेल्या, आणि अकरा चाळीसला सव्वीसाचे पुन्हा पाच झाले. पूर्वीचा मी असतो तर साडेदहालाच आडवा आलो असतो. आता फक्त लिहिलं. दारावरचा कागद निघाला. दुपारपर्यंत बारा खोकी बाहेर गेली.

आठ दिवसांनी एका दवाखान्यातल्या नर्सनं एक खोकं परत पाठवलं. लसीच्या कुपीवर एक चिकटपट्टी असते, ऊब लागली की काळवंडते. तिनं ती पाहिली आणि थेट वर तक्रार केली. बाकीच्या अकरा खोक्यांचं काय झालं, ते माझ्या कोष्टकात नाही.

औषध खात्याचे तपासनीस आले. सगळे नीट उभे राहिले. माझं बाड पहिल्यांदाच कागदावर छापलं गेलं आणि मला वाटलं, आज आपल्या जन्माचं सार्थक झालं. त्या सकाळच्या तीन ओळी: मालक, काकू, मालक.

"फेरफार कुणी केला?" तपासनीसांनी विचारलं.

मालकांनी कागद हातात घेतला. "साहेब, 'मालक' म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. सगळं दुकान त्या नावानं बसतं, मी तर कॉम्प्युटरला हातही लावत नाही. नावानिशी फेरफार दिसतोय तो एकाच व्यक्तीचा."

काकूंचा आवाज चढला नाही. "साहेब, शेजारचा आकडा वाचा. मी पाचाचे सव्वीस केलेत. लपवणारी बाई आकडा वाढवून कशाला ठेवेल?"

तपासनीस चष्मा पुसू लागले. तेवढ्यात मामा हळूच म्हणाले, "वय झालंय हो त्यांचं. गोंधळ होतो. मागे एकदा चव्वेचाळीस भरलं होतं, तेही यातच असेल."

होतं. तारखेसकट, वेळेसकट, काकूंच्या नावासकट. माझ्याच अक्षरात. तपासनीसांनी ती ओळ बोटानं शोधली आणि शेरा लिहिला: संबंधित महिला कर्मचाऱ्यावर कारवाई करावी. जिनं स्वतःच्या नावानं सही करायची लाज धरली नाही, तिचीच सही सापडली.

काकूंची नोकरी गेल्यावर प्रोग्रामर ताई आली. तिनं बाड वाचलं, पाच मिनिटं लागली. "अहो, काकू तर खरा आकडा परत लावत होत्या."

"माहीत आहे," मालक म्हणाले. "मेहुणा घरचा आहे, ताई. बायकोला काय सांगू? तुम्ही हे लिहिणं आता बंद करून टाका."

"आणि काकूंचं?"

मालकांनी मान वळवली. मग ताईनं मला बंद केलं. पुसलं मात्र नाही, आणि जुन्या नोंदींनाही हात लावला नाही.

तेव्हापासून मी असा पडून आहे. माझ्या समोरून नोंदी बदलतात आणि मला जाग येत नाही. कुणाला मला जागं करायचं असेल तर एका ओळीचं काम आहे. आणि बाड कधी उघडलंत, तर नाव दिसलं की थांबू नका. त्याच ओळीत शेजारच्या खणांत जुना आकडा आहे आणि नवाही, तेही वाचा. एवढीच विनवणी.

परवा काउंटरवर फोन आला. दुसऱ्या एका गोदामवाल्यानं काकूंची चौकशी केली. मालकांनी रिसीव्हर कानाशी धरला आणि म्हणाले, "बाई कामाला वाघ आहे हो. फक्त नोंदींचं तेवढं जपून."