अंधांनी तपासलेला

बाई जन्मापासून आंधळ्या. अंधशाळेत बावीस वर्षं टायपिंग शिकवून निवृत्त झालेल्या. म्हणून एका कंपनीने पडद्यावरचं वाचून दाखवणारा, टीव्हीचा बोलणारा बॉक्स बाजारात आणण्याआधी तपासायला बोलावलं, तेव्हा त्यांना मनापासून आनंद झाला. पंधरा दिवस त्या थंडगार खोलीत रिमोट घेऊन बसल्या आणि एकूण एक चूक टाइप करून दिली. मेनूत शिरलं की बॉक्स नुसता "बटण, बटण" करायचा. कुठलं बटण, ते गुलदस्त्यात. आणि पडद्याखालच्या पट्टीवर तातडीची सूचना आली की चक्क मुका.

"हे पुढच्या अपडेटमध्ये करू, बाई," मॅनेजर म्हणाला. "आत्ता फक्त सही द्या. खोक्यावर 'अंधांनी तपासलेला' आणि खाली तुमचं नाव, एवढंच छापायचंय."

"तपासला, आणि नापास झाला. तेही छापा."

तो हसला. त्यानंतर त्यांना बोलावणं आलं नाही.

बाईंचा नवराही आंधळा. टेलिफोन एक्स्चेंज बंद पडल्यापासून तेरा वर्षं घरी बसून. दारावरची बेल वाजली की आधी तोच धडपडत उठायचा. कुणीतरी आपल्याकडे आलंय, एवढ्यासाठी. एका दुपारी तो बाहेरून आला तो शीळ घालतच.

"कुठे गेला होतात?"

"कंपनीत. गाडी पाठवली होती त्यांनी. मॅनेजर स्वतः हात धरून वर घेऊन गेला."

"सही केलीत?"

"अगं, इतक्या वर्षांत कुणी माझं मत विचारलं होतं का?"

"बॉक्सला हात तरी लावलात?"

"लावला की. फोटोपुरता."

दोन दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज.

दीड महिन्याने बाईंच्या जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती एकटी राहायची. "दुकानदाराने खोक्यावरचं सरांचं नाव वाचून दाखवलं, बाई. मग काय, डोळे मिटून घेतला." ती हसली, मग खोकली. "नळाचं पाणी पिऊ नका म्हणून दोन दिवस पट्टी फिरत होती म्हणे. मला पत्ताच नाही. आज पाचवा दिवस, सलाईन चालू आहे."

बाईंनी फोन नवऱ्याच्या हातात दिला. "ऐका."

तो ऐकत राहिला. मधूनमधून "हो गं" म्हणाला. मग त्याने कंपनीला फोन लावला. साहेब मीटिंगमध्ये. दुसऱ्या दिवशीही मीटिंगमध्ये. चौथ्या दिवशी पलीकडच्या मुलीने तीनदा नाव विचारलं आणि तिसऱ्यांदाही चुकीचंच उच्चारलं.

"तुझी ती चुकांची यादी..." तो चाचरत म्हणाला. "परत टाइप करून देशील? आपण वर तक्रार करू."

"देईन की. तोंडपाठ आहे मला," बाई म्हणाल्या. "पण ते तुमची सही दाखवतील. मग काय सांगणार आहात?"

तो कॉटच्या कडेवर टेकला. बाईंनी टाइपरायटरमध्ये कागद चढवला आणि उत्तराची वाट न बघता टाइप करायला घेतलं.