येशूचा भाऊ

एम.ए.च्या सेमिनारसाठी मयुरीला विषय मिळाला होता : बायबलबाहेर येशूचा पुरावा किती? तिनं निकाल आधीच ठरवून टाकला होता. पुरावा नाही, म्हणजे असा माणूसच झाला नाही.

रविवारी दुपारी ती लॅपटॉप घेऊन दुसरबीडच्या घरी अंगणात येऊन बसली. वडील पंजाबराव, पेशानं वकील, पेपर चाळत होते. आई केसरबाई तुरीच्या शेंगा सोलत होती.

"पप्पा, एक ज्यू इतिहासकार येशूची लई स्तुती करते. पण त्यातलं बरंच मागाहून नकला करणाऱ्या ख्रिस्ती लोकांनी घुसवलं म्हणतात. म्हणजे साक्षीदार खोटा."

"साक्षीदार काऊन खोटा? त्याच्या जबानीत दुसऱ्यानं भर घातली," पंजाबराव म्हणाले. "तेवढी भर बाजूले ठेव. वैऱ्यानं काही लेहलं हाय का?"

लिहिलं होतं, एका रोमन इतिहासकारानं. त्याला ख्रिस्ती पंथाची किळस होती. रोम जळालं तेव्हाची हकीकत सांगताना तो ओघात सांगून जातो, की यांचा मूळ पुरुष पिलात नावाच्या सुभेदारानं मृत्युदंड देऊन मारला.

"पण हे येशूला मारल्यावर ऐंशी वर्षांनी लिहिलं, पप्पा. ऐकीवही असू शकते."

"मग वजन कमी कर. फेकू नको. अजून?"

मयुरीनं टिपणं खाली सरकवली. "त्या ज्यू इतिहासकाराची अजून एक ओळ हाय. किरकोळ वाटली, म्हणून मी सोडून दिली." तिनं वाचून दाखवलं. यरुशलेममधल्या एका महायाजकानं, म्हणजे ज्यूंच्या मुख्य पुरोहितानं, अधिकार नसताना काही जणांना दगडांनी ठेचून मारायची शिक्षा दिली होती. त्यांतला एक याकोब, 'ज्याला ख्रिस्त म्हणतात त्या येशूचा भाऊ.'

केसरबाईंचे हात थांबले. "त्याले भाऊ होता?"

"हो, आई."

"अन् त्यालेबी मारलं?" केसरबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली. "माय जिती होती का वं तवा?"

"माहीत नाही. या माणसानं लिहिलं नाही."

मयुरीनं ती ओळ पुन्हा वाचली. लिहिणाऱ्याला येशूबद्दल काही सिद्ध करायचंच नव्हतं. याकोब नावाचे पुष्कळ असतील, म्हणून गावात सांगतात तसं त्यानं सांगितलं होतं : अमक्याचा भाऊ. आणि याकोबला मारलं तेव्हा हा लिहिणारा ऐन तारुण्यात होता, त्याच यरुशलेमचा रहिवासी. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. देवाचा पुरावा शोधता शोधता ती एका घराच्या दारात येऊन उभी राहिली होती. दोन हजार वर्षं मधून निघून गेल्यासारखी वाटली.

सेमिनारच्या दिवशी सरांनी विचारलं, "मग निष्कर्ष काय?"

"पुरावा थोडा आहे, सर. तो देव होता का, हे त्यानं ठरत नाही. पण माणूस होता, असं मला आता वाटतं. त्याला मारून कितीतरी वर्षं झाली, तरी त्याच्या भावाला लोक त्याच्याच नावानं ओळखत होते."

सर उठले, तिची स्लाइड दिसत होती त्या पडद्याजवळ गेले आणि त्यावरची याकोबची ती ओळ अगदी हळू, शब्द शब्द करून वाचू लागले.