नवसाच्या रांजणाचे झाकण

मित्रांनो, माझ्या तोंडावर आता लाकडी झाकण नसते. दोरीने सैल बांधलेले एक पातळ पांढरे फडके असते. रोज सकाळी एक म्हातारी तळघराच्या सात पायऱ्या उतरून येते, दोरी सोडते, फडके दूर करते आणि माझ्यावर वाकून देवाशी बोलते. याच गोष्टीने एके वर्षी माझा घात केला होता. आज मात्र तिला यायला जरा उशीर झाला, तरी मला चुकल्यासारखे होते.

मी खापराचा रांजण. माझा जन्म लेबनॉनच्या डोंगरातल्या बैत शबाब गावचा. तिथल्या कुंभाराने मला चाकावर फिरवले नाही. मातीची वळी करून तो एकावर एक चढवी, रोज वीतभर, आणि ती सुकेपर्यंत हात बांधून बसे. वीस दिवसांनी मला गळा आला. भट्टीतून निघालो तेव्हा त्याने बोटाने ठोकून माझा आवाज ऐकला आणि म्हणाला, "नातवंडांपर्यंत टिकेल हा. फक्त पोटात काय घालता ते सांभाळा." माझ्या अंगाला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे आहेत. जे पोटात येते ते मी थोडे थोडे पितो, आणि एकदा प्यायलेले विसरत नाही.

खेचरावर बांधून मला कफर सिंदियान गावी आणले, वर्दे आणि तिच्या नवऱ्याच्या घरी. गावात आईबापांना थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. मुलगा तानिओस, म्हणून बाप अबू तानिओस आणि आई उम्म तानिओस. तानिओस तीन वर्षांचा असताना तापाने फणफणला. सात दिवस त्याने डोळे उघडले नाहीत. आठव्या पहाटे वर्दे चर्चच्या दगडी उंबऱ्यावर गुडघे टेकून बोलली, "माझं पोर मला परत दे. मी जिवंत असेपर्यंत दर नाताळला तुझ्या वेदीवरचा द्राक्षारस माझ्या घरून येईल." तानिओसने त्याच दिवशी पाणी मागितले. तेव्हापासून मी नवसाचा रांजण झालो.

ती वर्षे फार सुखाची होती. द्राक्षे यायच्या आधी अबू तानिओस मला उकळत्या पाण्याने आणि वेलींच्या राखेने आतून घासून काढी, तीन दिवस उन्हात पालथा घाली, मग आत गंधकाची धुरी देई. शेवटी अख्खे डोके माझ्यात घालून दीर्घ श्वास घेई. त्याला जराही आंबूस वास आला की घासण्यापासून पुन्हा सगळे सुरू. बायको हसायची. "अहो, रांजण आहे की नवरी?" तो आतूनच उत्तर द्यायचा, "नवरी रुसली तर समजूत काढता येते. हा रुसला तर संपलंच!"

ताजा रस माझ्यात आला की दुसऱ्याच दिवशी उकळू लागे, विस्तवाशिवाय. फेस वर येई, बुडबुड्यांनी मला गुदगुल्या होत. त्या दिवसांत झाकण कितीही उघडा, काही बिघडत नाही. रसाचा स्वतःचाच श्वास इतका जोरात बाहेर पडतो की वारा नि चिलटे आत शिरू शकत नाहीत. पण एके दिवशी तो श्वास थांबतो, आणि तिथून खरी काळजी सुरू होते. तेव्हा अबू तानिओस चोथा पिळून काढी, मला गळ्यापर्यंत काठोकाठ भरी, वर दोन बोटे ऑलिव्हचे तेल सोडी, झाकण ठेवी आणि कडेने माती लिंपून टाकी. मग नाताळपर्यंत कुणी माझ्याकडे फिरकायचे नाही. "त्याला त्याचं काम करू दे," तो म्हणे.

अबू तानिओस गेला. पुढच्या वसंतात तानिओसही ब्राझीलच्या बोटीवर चढला, कामधंद्यासाठी. घरात सासू आणि सून उरल्या. सुनेचे नाव नझहा. उंच, कमी बोलणारी, कामाला वाघीण. सफरचंदांचा शिरका करावा तर तिनेच. शिरका, ज्याला तुम्ही व्हिनेगर म्हणता. द्राक्षे घरात यायच्या आदल्या दिवशी तिने शिरक्याची बरणी स्वतः उचलून बकऱ्यांच्या गोठ्यात नेऊन ठेवली, कारण रस आंबत असताना शिरका तळघरात ठेवायचा नाही ही तिथली रीतच आहे. मी हे पाहिले होते.

तानिओसचे पत्र मात्र येत नव्हते. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. माझ्यातला रस शांत झाला त्या दिवशी नझहा तेलाची कुपी घेऊन खाली आली.

"आई, तेल सोडते. मामंजी दोन बोटं सोडायचे."

"नको," वर्दे म्हणाली.

"अहो, पण उघडं राहील ना."

"मला रोज बोट बुडवायचंय त्यात. तेलातून कसं बुडवू? पोराच्या फोटोवर क्रूसाची खूण करते मी. नवसाचा रस आहे, पोरी. याला काय होतंय!"

नझहा तेलाची कुपी घेऊन वळली. माझ्यात न मावलेला थोडा रस तिने एका लहान सुरईत काठोकाठ भरला, वर तेल सोडले, बूच बसवून माती लिंपली आणि सुरई कोपऱ्यात ठेवली. "हे यांच्यासाठी," एवढेच म्हणाली. "परत आले की उघडू."

मग रोजची पहाट सुरू झाली. वर्दे उपाशीपोटी खाली येई, झाकण काढी, बराच वेळ प्रार्थना करी, बोट बुडवी, तानिओसच्या फोटोच्या कपाळावर खूण करी. तिचे शब्द इतके मऊ असत की माझे खापरही हळवे होई. पण मित्रांनो, दर पहाटे तिच्या श्वासाबरोबर वारा आत येत होता. एकदा एक चिलट आले. बोटाला कधी गव्हाच्या पिठाचा कण असे, कधी बकरीच्या दुधाचा थेंब. बोटाबोटाने रसही काठापासून खाली उतरला आणि त्या रिकाम्या जागेत वारा मुक्कामाला राहिला. मला ओरडावेसे वाटत होते, की बाई, मला मिटू दे! पण रांजणाला तोंड असते, जीभ नसते.

डिसेंबरात, संत बार्बराच्या सणाला घरोघर गोड गहू शिजला, त्याच्या दुसऱ्या दिवशी वर्देने झाकण काढले आणि तिथेच थबकली. माझ्यात पांढरी, सुरकुतलेली साय धरली होती. तिने ती बोटाने सारली, थेंब जिभेवर ठेवला, आणि तिचे डोळे भरून आले.

"नझहा! ए नझहा, खाली ये!"

नझहा पिठाचे हात तसेच घेऊन धावत आली.

"वास घे. घे वास! तुझा शिरका शिरलाय यात. तुझ्या त्या बरणीनं माझा नवस नासला. नाताळ तोंडावर आलाय, पोर समुद्रापार आहे, जगलंय की... आता काय देऊ मी वेदीवर?"

"आई, बरणी तर गोठ्यात..."

"तुझ्या हातालाच शिरका आहे!"

नझहाने हात ओढणीत गुंडाळले आणि खाली पाहिले. मला आठवते, तिने एकदा सासूच्या बोटाकडे पाहिले होते. 

त्याच दिवशी अबू शलीताला बोलावणे गेले. हा म्हातारा तांब्याची भट्टी गाढवावर लादून गावोगाव अराक, म्हणजे बडीशेपेची दारू, गाळत फिरायचा. चोथ्याचा, वाइनचा, कशाचाही अराक. नाक असे, की दारातूनच कुणाच्या घरी काय बिघडले ते सांगावे.

"काय उम्म तानिओस, एवढ्या घाईनं बोलावलंस! लग्नबिग्न ठरवलंस की काय?"

"थट्टा नको, अबू शलीता. एवढं भट्टीवर चढव. चांगली मूठभर बडीशेप घाल. निदान अराक तरी होईल. चर्चला तोच देते."

त्याने तळहातावर थेंब घेतला, हुंगला, चाखला, थुंकला.

"साय नुसती असती तर काढून टाकली असती नि अराक गाळून दिला असता. हा तर आंबला. आंबटपणा वाफेवर बसून वर येतो, बाई. भट्टीत कितीही बडीशेप घाल, घशाला ओरखडे काढणारच. वर माझं तांबं खाईल ते वेगळं! आणि वेदीवर अराक कोण ठेवतंय? आपले पाद्री अबूना मला नि तुला दोघांनाही हाकलून देतील."

मग तो माझ्या काठावरून हात फिरवू लागला. फिरवता फिरवता थांबला.

"माती कुठेय? लिंपलं नव्हतं? तेलही नाही. आणि हा आतला गळा बघ, बोटांनी घासून गुळगुळीत झालाय. कोण उघडत होतं हे रोज?"

 बाहेर त्याचे गाढव फुरफुरले.

"मी," कणीक मळताना पुन्हा उठून आलेली नझहा म्हणाली. "मीच उघडत होते, काका."

मित्रांनो, मी इतकी वर्षे त्या घरात होतो, पण एवढे लहान आणि एवढे भारी वाक्य मी ऐकले नव्हते. वर्देने सुनेकडे पाहिले. मग तिने ओढणीत लपवलेला आपला उजवा हात हळूच बाहेर काढला आणि बोट अबू शलीतासमोर धरले. नखाची कड जांभळी झाली होती. महिन्याभराचा रंग होता तो, साबणाने जाणारा नव्हता.

"ती खोटं बोलतेय," वर्दे म्हणाली. "हे बोट माझं आहे."

अबू शलीताने टोपी काढली आणि डोके खाजवले.

नझहा कोपऱ्यात गेली. सुरई घेऊन आली. सुरीने माती खरवडली, बूच काढले, कापसाने तेल टिपून घेतले. अबू शलीताने वाटीत थोडे ओतून उजेडाकडे धरले. लाल, स्वच्छ, आरपार.

"तीच द्राक्षं, तेच तळघर, तोच दिवस," तो म्हणाला. "याला फक्त कुणी त्रास दिला नाही."

"पोरी, हे तू तानिओससाठी ठेवलं होतंस," वर्दे म्हणाली.

"त्यांच्यासाठीच जाऊ दे ना, आई. नवस त्यांचाच आहे."

वर्दे पायरीवर बसली. "मी देवाला रोज सांगत होते, माझ्या पोराला सांभाळ. आणि मला माझं एक बोट सांभाळता आलं नाही. वर तुला बोलले." तिने सुनेचे पिठाचे हात ओढून घेतले, आपल्या गालांना लावले. दोन्ही गाल पांढरे झाले. अबू शलीता म्हणाला, "आता रडू नकोस, कणीक होईल." तेव्हा कुठे दोघी हसल्या.

पुन्हा तेल सोडून, बूच बसवून लिंपलेली सुरई नाताळला चर्चमध्ये गेली. एवढीशी सुरई पाहून वर्दे ओशाळली होती. पण अबूना तिला म्हणाले, "वेदीवर एक घोट लागतो, उम्म तानिओस. रांजण तुझ्या हौसेसाठी होता."

जाता जाता अबू शलीता माझ्याविषयी सांगून गेला. "यात पुन्हा द्राक्षारस भरू नका. खापर पिऊन बसलंय. कितीही घासा, पुढच्या वर्षीचा रसही नासवेल." ते ऐकून मला फुटून जावेसे वाटले. मला रिकामे करतील, अंगणात नेऊन ठेवतील, कुणी माझ्यात माती भरून रोप लावेल, असे सगळे मनात आले. काही दिवस मी तसाच अंधारात पडून होतो. कुणी झाकणही लावले नाही.

मग नझहा आली. तिने सासूला हाक मारली आणि माझ्या काठावर हात ठेवून म्हणाली, "आई, हा अर्धा शिरका झालाच आहे. पुरा होऊ द्या. चांगला होईल. पण शिरक्याला वारा लागतो. झाकण नको, फडकं बांधायचं. आणि रोज कुणीतरी येऊन त्याला मोकळं करायला हवं."

"रोज?" वर्देने विचारले.

"रोज. पण बोट नाही हं. पळी."

अशी मला पुन्हा रोजची पहाट मिळाली. तानिओसचे पत्र फेब्रुवारीत आले. साओ पाउलोच्या एका कापडाच्या दुकानात तो कामाला लागला होता, आणि पत्र दोन महिने बोटीतच फिरत राहिले होते. वर्देने ते माझ्यासमोर उभे राहून मोठ्याने वाचून घेतले, नझहाकडून, दोनदा.

वसंतात येशूला क्रूसावर चढवल्याचा उत्तम शुक्रवार आला. त्या दिवशी गावात गोड कुणी खात नाही. क्रूसावर त्याला आंब, म्हणजे आंबलेला द्राक्षारस, दिली होती, म्हणून प्रत्येक जण शिरक्याचा एक घोट घेतो. अबूनांनी निरोप पाठवला, "या वर्षी शिरका उम्म तानिओसच्या घरून यावा." वर्देने पळीने माझ्यातला शिरका काढला. तो सोनेरी लाल होता, वास स्वच्छ, तीक्ष्ण. घागर डोक्यावर घेऊन सासू पुढे आणि सून मागे, अशा त्या पायऱ्या चढून गेल्या.

मित्रांनो, नवा रांजण आता माझ्या शेजारच्याच तळघरात आहे, भिंतीपलीकडे. तो काठोकाठ भरलेला, तेल घातलेला, मातीने लिंपलेला असतो. पहाटे वर्दे आधी त्याच्याकडे जाते. त्याच्या बंद झाकणावर नुसता तळहात ठेवते, ओठ हलवते आणि हात काढून घेते. तुमच्या घरीही काही आंबत ठेवले असेल, लोणचे, ताक, काहीही, तर भांडे आधी नीट घासा, उन्हात वाळवा, हात धुऊनच शिवा. आणि ज्याला मिटून राहायचे आहे त्याला मिटू द्या. माया करायला बाहेरूनही हात ठेवता येतो.

मग ती माझ्याकडे येते. दोरी सोडते, फडके काढते, पळीने मला हलकेच ढवळते आणि हवा तेवढा वेळ बोलत बसते. आता तिला कुणी थांबवत नाही. तिच्या बोटांची नखे स्वच्छ आहेत.