काचेच्या कपाटातल्या गोळ्या

प्रार्थनागृहाच्या दारामागे काचेचं एक कपाट होतं. देवाने ज्याला बरं केलं, त्याने साक्ष देताना आजाराची निशाणी पुढच्या टेबलावर ठेवायची आणि पाळकाने ती त्या कपाटात लावायची, अशी मंडळीची रीत होती. आत एक काठी होती, कमरेचा पट्टा होता, एक चष्मा होता. चष्म्याचा मालक हल्ली गीतांचं पुस्तक नाकाला लावून गायचा. पण तो विषय कोणी काढत नसे. गेल्या रविवारपासून तिथे फिटच्या गोळ्यांची दोन पाकिटंही होती. ती सुताराने ठेवलेली.

शनिवारी दुपारी सुताराच्या बायकोने कपाटाचं दार ओढून पाहिलं. कुलूप होतं.

"किल्ली द्या," ती पाळकाला म्हणाली.

पाळक खुर्च्या मांडत होता. "ताई, आधी बसा तरी."

"बसायला वेळ नाही. लाँड्रीत चादरी तशाच टाकून आलेय. काल यांना परत फिट आली."

"ते तर म्हणाले, बाथरूममध्ये पाय घसरला."

"पाय घसरून जीभ चावली जाते का? तोंडातलं रक्त मी पुसलंय. सोमवारी कारखान्याचे मालक त्यांना परत करवतीवर घेणार आहेत, बरे झाले म्हणून. फिरत्या पात्यावर माणूस पडला, तर काय ठेवाल कपाटात?"

पाळकाच्या हातातली खुर्ची हातातच राहिली. "दुकानातून नव्या गोळ्या आणा ना."

"आणल्या. हात लावत नाहीत. म्हणतात, देवाला दिलं ते परत घ्यायचं नसतं. गोळी घेतली की विश्वास सुटला."

"असं मी कधी म्हटलं?"

"टाळ्या पडत होत्या तेव्हा गप्प होतात. म्हटल्यासारखंच झालं. उद्या सगळ्यांसमोर त्यांच्या गोळ्या त्यांना परत द्या. तुमच्या हाताने."

"मंडळीच्या विश्वासाला धक्का बसेल, ताई. थोडा धीर धरा. देव…"

"तुमचा चष्मा कधी जातोय कपाटात?"

पाळकाचा हात नकळत चष्म्याकडे गेला. किल्ली मात्र खिशातून निघाली नाही.

ती तणतणत लाँड्रीत परतली. ओल्या चादरी इस्त्रीच्या मशीनच्या गरम रुळांत सारताना तिने देवालाच धारेवर धरलं. "तुला बरं करायचं नसेल तर नको करूस. पण तुझ्या नावावर काय चाललंय, ते तरी बघ. डॉक्टर म्हणतो द्या, नवरा म्हणतो नको, पाळक म्हणतो धीर धर. आता जाऊ कोणाकडे? तूच उरलास. आणि तू तोंड शिवून बसलास!" पलीकडे घड्या घालणाऱ्या बाईला वाटलं, मशीन पुन्हा अडलं.

रविवारी साक्षीची वेळ आली, तशी ती उठली. पुरुषांच्या बाजूला बसलेल्या सुताराने मान वर केली. जीभ सुजल्यामुळे तो सकाळपासून धड बोलला नव्हता.

"देवाने माझ्या नवऱ्याला…" तिने सुरुवात केली.

"आमेन!" पुढच्या रांगेतून आत्याबाईंनी हाक दिली. कुठलीही प्रार्थना संपायच्या आत आमेन म्हणायची त्यांना भारी घाई.

"थांबा हो आत्या. बरं केलेलं नाही."

एक खुर्ची करकरली.

"परवाच फिट आली. आपण टाळ्या वाजवून मोकळे झालो. देवाने केलंय की नाही, हे बघायची कोणाला गरज वाटली नाही. मी अजून मागतेय त्याच्याकडे. रोज मागते, भांडून मागते. त्याच्याशिवाय मला आहे कोण? पण त्याने न केलेलं काम त्याच्या नावावर खपवणार नाही मी. त्याला खूश करायला सुद्धा नाही."

सुतार ताडकन उठला आणि कोणाकडे न बघता बाहेर गेला.

तिने पाळकापुढे हात पसरला. "किल्ली."

पाळक व्यासपीठावरून खाली आला. कुलूप त्याने स्वतःच उघडलं. पाकिटं काढून तो तिला देऊ लागला.

"मला कशाला? ज्यांनी ठेवली त्यांना द्या."

अंगणात सुतार भिंतीला टेकून उभा होता. पाळकाच्या हातात काय आहे ते बघून त्याने तोंड फिरवलं. "देवाला दिलंय ते."

"देवाला नाही, मला दिलं होतंस," पाळक म्हणाला. "आणि मी घेतलं. घ्यायला नको होतं." पाकिटं सुताराच्या हातात ठेवून तो दोन पावलं मागे सरला.

सुतार बायकोवर उसळला. "चारचौघांत लाज काढलीस माझी!"

"काढली. तुम्ही करवतीपुढे उभे राहिलात तर तिथे येऊनही काढीन."

तो पाकीट बोटांत फिरवत राहिला. आवाज खाली आला. "सगळा भरवसा टाकला होता गं मी. आता गोळी घेतली तर त्याला काय वाटेल?"

"काल दिवसभर मी त्याला वाट्टेल ते बोललेय. तोंड वर करून बोललेय. तरी सकाळी आलेच ना त्याच्याच दारात? आणखी कुठे जाणार होते? माझं एवढं ऐकून घेतो, तो तुमच्या एका गोळीने रुसेल? घ्या, आणि घेऊन झाल्यावर टाका हवा तेवढा भरवसा."

सुताराने गोळी काढली. आत्याबाई पाण्याचा पेला घेऊन कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या, ते कोणाला कळलं नव्हतं. गिळताना सुजलेली जीभ दुखली आणि त्याचे डोळे भरले.

"उद्या करवतीऐवजी घासकाम मागतो," पेला परत देत तो म्हणाला. "मालक हसणार."

"हसू दे."

ती आत वळली. राग तसूभर उतरला नव्हता. आत शेवटची प्रार्थना अजून व्हायची होती, आणि परवाच्या रक्ताचा जाब देवाकडून तिला घ्यायचाच होता.