ईटच्या बाजाराची नखरेल अक्षरं

निजामाच्या अमलात भूममध्ये छापखाना काढायची इजाजत मिळाली, तेव्हाच माझं डोकं थोडं फिरलं होतं. सोलापुरातल्या एका बंद पडलेल्या छापखान्यातून मी मोठ्या लाकडी ठशांचा संच आणला आणि ते पुरतं फिरलं.

काय अक्षरं होती! उभा दांडा हत्तीच्या पायासारखा जाड, वळणावर केसाएवढी बारीक रेघ, टोकाला चिमुकलं पाऊल आणि डोक्यावरच्या रेघेला वेलबुट्टी. जुन्या नाटकांच्या जाहिरातींना शोभावी अशी. मी ती लग्नपत्रिकेत वापरली, तंबाखूच्या पुड्यावर वापरली, एकदा तर तेराव्याच्या पत्रिकेवरसुद्धा.

"मेलेला माणूस लई खुशीत दिसतोय," बायको, रुद्रम्मा, म्हणाली.

हिला छपाईतलं काय कळतं, असं मला वाटलं.

मग जवळच्या ईट गावचा बिभीषण आला. तिथं जनावरांचा नवा बाजार सुरू व्हायचा होता, त्याची पत्रकं हवी होती.

"लांबून वाचता यावं, एवढंच बघा," तो म्हणाला.

मी मात्र ते देखणं कसं दिसेल एवढंच बघितलं. 'ईट येथे जनावरांचा बाजार भरणार', सगळं त्याच ठशांत. शेजारच्या वाशी गावापर्यंत पत्रकं लागली. मी चौकात उभा राहून लोकांची तोंडं न्याहाळायचो. माणसं थांबायची, वाचायची, गंभीर व्हायची. अक्षरांचा दरारा म्हणतात तो हाच, मी मनात म्हणायचो.

बाजाराच्या दिवशी मैदानात बिभीषणाची बैलजोडी, एक म्हैस आणि मी.

दुपारी वाशीकडची कडूबाई नावाची शेतकरीण आली, रिकाम्या हातानं.

"रोग कुठवर आलाय?" तिनं विचारलं.

"कसला रोग?"

"आता! मास्तरांनी वाचून दाखवलं की. जनावरांचा बाजार मरणार."

मी धावत जाऊन पत्रक बघितलं. 'भ'च्या डोक्यावर जिथं फट हवी, तिथं माझी लाडकी वेल ऐटीत पसरली होती. 'भ'चा सरळ 'म' झाला होता.

"शिवशरणअण्णा," बिभीषण शांतपणे म्हणाला, "म्या लांबून वाचता यावं म्हणलं होतं. लांब पळावं म्हणलं न्हवतं."

नंतर मी स्वतः वाशी-भूम फिरलो. "भरणार हो, भरणार!" ओरडून ओरडून घसा बसला. छापखान्याचा मालकच दवंडी देतोय म्हणून बघ्यांची गर्दी मात्र झकास जमायची.

नवं पत्रक साध्या, ठसठशीत अक्षरांत छापलं. नखऱ्याला जागा दिली ती फक्त वरच्या 'ईट' या एका शब्दापुरती. तिथं तो शोभलाही.

या वेळी बाजार खरंच भरला. धुरळा, हंबरणं, सौद्यांचा कालवा. त्यात बिभीषण दिसला. मला राहवलं नाही.

"अक्षरं कशी वाटली?"

"कुठली अक्षरं?" म्हणत तो एका बैलाचे दात बघायला गेला.